काकांचा दुसरा कागद

बत्तिसाव्या वर्षी मला पुन्हा बास्केटबॉल खेळायला बोलावणं आलं, तेव्हा मी धामणगाव रेल्वेच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका होते. अमरावतीहून रोज सकाळी एसटीने जायचं, प्रार्थनेआधी मैदानावर चुन्याच्या रेघा मारायच्या, आठवीच्या मुलींकडून खो-खो करून घ्यायचा आणि संध्याकाळी परत. उजव्या गुडघ्यावर कायमचा पट्टा. आपलं खेळणं संपलं, असं मी स्वतःला समजावलं होतं आणि ते बऱ्यापैकी पटलंही होतं.

दोन वर्षांपूर्वीची ही गोष्ट. विदर्भातल्या शहरांची बायकांची लीग सुरू होत होती. शहराशहराचे संघ, प्रत्येक संघाला एक मालक, खेळाडूंशी रीतसर करार, मोबाइलवर थेट सामने. आम्ही आयुष्यभर प्रमाणपत्रांसाठी खेळलेल्या पोरी. खेळणं हाच कुणाचा तरी धंदा असू शकतो, हे आम्हाला नवीन होतं. अकोल्याच्या संघाच्या प्रशिक्षक मॅडमचा मला फोन आला. मी कॉलेजात असताना विद्यापीठाच्या संघालाही त्याच शिकवायच्या. आता पन्नाशी ओलांडलेली, पण आवाज तोच.

"बॉल आणायला मला तू पाहिजेस," त्या म्हणाल्या. "कॅप्टनही तूच." मग जरा थांबून, "आणि आत रिंगखाली ती आहे. आधीच सांगून ठेवते."

ती म्हणजे कोण, हे मला विचारावं लागलं नाही.

ती तेल्हाऱ्याची. घरची कपाशीची शेती, तीन भाऊ, आणि ही तिन्ही भावांपेक्षा उंच. बारावीनंतर शिकायला अमरावतीला आली आणि हॉस्टेलवर राहिली. तोवर तिने बास्केटबॉल हातात धरला नव्हता. उंची बघून कुणीतरी मैदानावर ओढून आणलं. मी अमरावतीचीच. वडील पाटबंधारे खात्यात कारकून, आणि मी दहाव्या वर्षापासून त्या मैदानावर पडीक. पहिल्याच दिवशी मी तिच्याकडे बॉल फेकला, तो तिने एका हाताने असा झेलला की मी सराव सोडून तिच्याकडे बघत राहिले.

पुढची नऊ वर्षं आम्ही एकत्र खेळलो. आमचा एकच डाव होता. मी टप्पे देत बॉल आणायची. मला अडवायला कुणी अंगावर आलं की ही धावत यायची आणि त्या मुलीच्या वाटेत भिंतीसारखी उभी राहायची. मी त्या भिंतीला घासून निसटायची, तेवढ्यात ही वळून रिंगकडे पळायची, आणि मी मागे न बघता बॉल टाकायची. तो तिच्या हातातच जायचा. समोरच्या संघाला हा डाव ठाऊक असायचा, तरी थांबवता यायचा नाही. रविवारी ती आमच्या घरी जेवायला असायची. आई तिच्यासाठी ज्वारीच्या भाकरी जरा मोठ्या थापायची.

मग एका सरकारी खात्यात खेळाडूंच्या कोट्यातून एक जागा निघाली. एकच. चाचणीला आम्ही दोघी गेलो. त्या महिन्यात माझा गुडघा सुजलेला होता, मी गोळ्या खाऊन खेळत होते, आणि हे फक्त तिला माहीत होतं. जागा तिला मिळाली. आठवड्याभराने दुसऱ्या एका खेळाडूने मला सांगितलं, की निवड समितीने तिला आत बोलावून माझ्या गुडघ्याबद्दल विचारलं, आणि तिने खरं काय ते सांगितलं.

मी तिला काहीच विचारलं नाही. तिचे फोन आले, मी उचलले नाहीत. मग फोन येणं थांबलं. कुणी विचारलं तर मी म्हणायची, तिला अकोल्याला नोकरी लागली, ती तिच्या कामात असते. अशी चार वर्षं गेली.

लीगसाठी मी शाळेतून रजा घेतली आणि अकोल्याला आले. बाहेरगावच्या आम्हा मुलींसाठी मालकांनी जठारपेठेत एक फ्लॅट घेऊन दिला होता. मालकांचं बी-बियाण्यांचं मोठं दुकान होतं. खेळातलं त्यांना फार कळत नव्हतं, पण प्रत्येक सामन्याला पहिल्या रांगेत बसून ते घसा बसेपर्यंत ओरडायचे.

मॅडमचा सगळा भर मनं जुळण्यावर. "पाच जणी पाच दिशेला बघत असतील तर मी काय डोंबल शिकवू?" असं त्या म्हणायच्या. सरावाआधी गोल करून हात धरायचे, सगळ्यांनी एकत्र नाश्ता करायचा. पहिल्याच आठवड्यात त्यांनी आम्हाला एका शेतावर नेलं आणि गोवऱ्यांवर भाजायचे कणकेचे रोडगे करायला लावले. एकीने गोवऱ्या पेटवायच्या, एकीने कणीक मळायची, दोघींनी वांग्याची भाजी बघायची. वांगी चिरायला त्यांनी आम्हा दोघींनाच बसवलं. आम्ही वांगी चिरली. बाहेरगावी सामना असला की हॉटेलात आमच्या दोघींना एक खोली. त्या खोलीत आमचं बोलणं एवढंच.

"गिझर सुरू हाय काय?"

"आहे."

भांडणाचं कारण मॅडमना ठाऊक नव्हतं, पण भांडण आहे हे ठाऊक होतं. एकत्र राहून, एकत्र जेवून ते आपोआप विरघळेल, अशी त्यांची खात्री होती.

मैदानावर मात्र आमच्यात बाहेरून काही दिसायचं नाही. ती भिंतीसारखी उभी राहायची, मी निसटायची, आणि मग बॉल दुसऱ्या कुणाला तरी द्यायची. दरवेळी मला कारण सापडायचं. ती अडवलेली होती, किंवा डावीकडची मुलगी जास्त मोकळी होती. हे मी स्वतःला इतक्या भराभर सांगायची की ते खरंच वाटायचं. पहिल्या पाचपैकी चार सामने आम्ही हरलो.

ज्यांना आम्ही सगळ्या काका म्हणायचो, ते आमच्याकडे आले मधल्या काळात. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेले संख्याशास्त्राचे माणूस. सगळी नोकरी कपाशी आणि ज्वारीच्या प्लॉटांवर गेलेली. एका झाडाला किती बोंडं, कुठल्या ओळीत किती फुटली, हे मोजण्यात. सकाळी फिरायला मैदानावर यायचे आणि आमचा सराव बघत कठड्यावर बसायचे. एक दिवस त्यांच्या हातात वही दिसली. मालकांचं दुकान त्यांच्या ओळखीचं होतंच, त्यामुळे आठवड्याभरात मालकांनी त्यांना सामन्यांनाही बसवायला सुरुवात केली. आधीचे सामने त्यांनी मोबाइलवर परत बघून वहीत उतरवले.

आधी आम्ही हसलो. मग त्यांनी आमच्या एका नागपूरच्या मुलीला सांगितलं, "बाई, तू उजव्या कोपऱ्यातून फेकू नोको. डाव्यातून फेक. उजव्यातून तुया बॉल जातच नाई." ती चिडली. पण पुढच्या सामन्यात डावीकडे उभी राहिली, आणि धडाधड बॉल रिंगमध्ये पडायला लागले. त्यानंतर कुणी हसलं नाही. फक्त मॅडम पुटपुटायच्या, "पोरी म्हणजे काय झाडं आहेत?"

पाचव्या सामन्यानंतर मालकांनी मॅडमना आणि मला दुकानाच्या मागच्या खोलीत बोलावलं. टेबलावर काकांचा एक कागद होता. कोणी किती वेळ खेळलं आणि किती बास्केट केले, एवढंच त्यावर होतं.

"हे पाहा मॅडम," मालक म्हणाले. "एवढी उंच पोरगी, सर्वात जास्त वेळ मैदानात, अन् बास्केट सर्वात कमी. शनिवारी अमरावतीशी सामना आहे. त्याच्यानंतर तिले मोकळं करू. बाहेरून एक उंच पोरगी भेटून राहिली."

मॅडमचा चेहरा उतरला. "ती बाकीचं किती करते ते कागदावर येत नाही," त्या म्हणाल्या.

"मंग काय कराचं सांगा. तुमी म्हनता मनं जुळवा. जुळवली ना? रोडगे खाल्ले ना? कागद तर काही खोटं बोलत नाई." मग ते माझ्याकडे वळले. "तू कॅप्टन आहेस. तुझं काय म्हणणं?"

तिचे बास्केट कमी का आहेत, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. मी म्हणाले, "मॅडम ठरवतील ते."

हे वाक्य मी आजवर बोललेल्या वाक्यांतलं सर्वात वाईट वाक्य आहे. फ्लॅटवर परतताना मला वाटत होतं, की मी तर काहीच केलं नाही. कागद काकांचा, निर्णय मालकांचा. चार वर्षांपूर्वी तिनेही काही केलं नव्हतं, फक्त विचारलं त्याचं उत्तर दिलं होतं. फिट्टमफाट झाली, असा विचार माझ्या डोक्यात स्पष्ट शब्दांत आला, आणि त्याने मला बरं वाटेल असं वाटलं होतं, तसं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सराव संपला. ती ऑफिसला निघून गेली. मी बूट काढत होते, तेव्हा काकांनी कठड्यावरून हाक मारली.

"इकडे ये वं पोरी. बस."

त्यांच्या कापडी पिशवीत दुधाची थैली होती, कोथिंबिरीची जुडी होती, आणि मध्ये घडी घातलेला कागद. तो त्यांनी माझ्या मांडीवर उलगडला. वर आडव्या ओळीत आम्हा सगळ्यांची नावं, डावीकडे खाली उतरत तीच नावं. कुणी कुणाला बॉल दिला, त्याच्या रेघा. पाच झाल्या की एक आडवी काट मारून जुडी बांधलेली. माझ्या नावासमोर जुड्याच जुड्या होत्या. फक्त एका रकान्यात चार सुट्या रेघा. पाच सामन्यांत चार.

"मी वाकडं काही मनून नाई राहिलो," काका म्हणाले. "आकडा फक्त 'नाई' एवढंच सांगते. काहून नाई, थे त्याले ठाव नसते. थे तुले ठाव असन."

"ती मोकळी नसते, काका."

त्यांनी कागद उलटा केला. मागे एकच नाव होतं, तिचं, आणि त्याखाली रेघांच्या जुड्या, ओळीच्या ओळी.

"हे काय?"

"हात वर करून रिंगखाली उभी होती, अन् बॉल तुयाजोळ होता. थे मोजलं."

मी तो कागद वाचू शकले नाही. रेघा दिसत होत्या, पण मी नजर दुसरीकडे वळवली. मैदानावर एक मुलगी गोळा केलेले बॉल जाळीत भरत होती, तिच्याकडे बघत राहिले.

"हा मालकांना दाखवला?"

"नाई. त्यायनं बास्केट किती ते इचारलं, मी तेवढंच लिवून देल्लं. अन् देल्ल्यावर मायी झोप उडाली." त्यांनी चष्मा काढून धोतराच्या टोकाने पुसला. "सारी नोकरी प्लॉटात काढली मी. एखादी ओळ सुकली, त बियानं खराब असं लिवाच्या आंधी पानी पोचलं काय ते पाहा लागते. मी आंधी लिवलं, मंग पाह्यलं. चूक मायी होय."

"मग तुम्हीच द्या हा त्यांना."

"देऊ शकतो. पन मंग सारे तुयाकडं बोट दाखवतीन. तूच सांगतलं त गोष्ट येगळी." त्यांनी पिशवी उचलली. "संध्याकाळपर्यंत तुयाजोळ ठेव. मी काही मनत नाई."

दुपारभर मी फ्लॅटमध्ये तो कागद समोर ठेवून बसले. आधी काकांचा राग आला. कपाशी मोजणाऱ्या माणसाने आमच्यात कशाला यावं? मग एकेक सामना आठवायला लागले. चंद्रपूरच्या सामन्यात शेवटच्या मिनिटाला ती रिंगखाली एकटी होती. हात वर होता. मी बॉल कोपऱ्यात दिला होता. तो हात मला दिसला होता. खरं सांगायचं तर प्रत्येक वेळी दिसला होता. काकांच्या कागदाने मला काहीच नवीन सांगितलं नव्हतं, आणि म्हणूनच त्याच्यापासून सुटका नव्हती.

चार वाजता मी मॅडमच्या घरी गेले. त्यांनी दार उघडल्याबरोबर, बसायच्या आधीच, मी सगळं बोलून टाकलं. नोकरी, गुडघा, चार वर्षं, चार रेघा. मॅडम ऐकत ऐकत पायरीवरच बसल्या.

"मला दिसत नव्हतं का?" त्या शेवटी म्हणाल्या. "दिसत होतं. मला वाटलं, एका ताटात जेवाल तर सुटेल. तोंडावर बोलायला मीच घाबरले. वांगी चिरायला बसवलं तुम्हाला!" आणि त्या हसल्या, पण डोळे भरलेले होते.

त्यांनी मालकांना फोन लावला आणि माझ्या हातात दिला.

मी सांगितलं, "तिला बास्केट येत नाहीत असं नाही. मी तिला बॉलच देत नव्हते."

पलीकडे मालकांनी दुकानातल्या कुणाला तरी थांबायला सांगितलं. मग मालक म्हणाले, "म्हणजे काढाले पाहिजे ते तुले."

"हो," मी म्हणाले.

मला काढतील, शाळेत परत जावं लागेल, गावात चर्चा होईल, हे सगळं समोर दिसत असूनही मला हलकं वाटत होतं. मॅडमनी फोन परत घेतला आणि म्हणाल्या, "काढायचं तर शनिवारनंतर काढा. शनिवारी दोघी खेळतील. आणि ते बाहेरच्या पोरीचं तूर्त राहू द्या." फोन ठेवून त्या मला म्हणाल्या, "मालकांना सांगितलंस. आता तिला सांग."

ती पाचला ऑफिसमधून स्कूटीवर मैदानावर आली. कठड्यावर बसून लेस बांधत होती. मी शेजारी बसले आणि कागद तिच्या हातात दिला. तिने दोन्ही बाजू शांतपणे पाहिल्या.

"मले ठाव हाय," ती म्हणाली. "रिंगखाली मीच त उभी असते. याले कागद कायले पाहिजे?"

"तू बोलली का नाहीस मग?"

"तू बोलत होती काय?"

मग मी विचारलं. चार वर्षं जे विचारलं नव्हतं ते. चाचणीच्या दिवशी तू त्यांना माझ्या गुडघ्याचं सांगितलंस का?

मला वाटलं होतं ती नाही म्हणेल, किंवा काहीतरी गैरसमज निघेल. तसं काही झालं नाही.

"हो, सांगतलं," ती म्हणाली. "साहेबानं तोंडावर इचारलं. मी खोटं बोलाले पाहिजे होती?"

"मला येऊन सांगायला पाहिजे होतंस."

"हो. थे चुकलं." तिने लेसची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. "मी फोन केले. तू नाई उचलले. मंग मलेबी राग आला. अन् एक सांगू? जागा मले भेटावं मनून मी सांगतलं असं तुले वाटत असन, त मी तुले नाई मनू शकत नाई. तवा तसं काही डोक्यात नोतं. पन आता कधी कधी वाटते, असन बी."

असं उत्तर मी कधी कल्पनेतही ऐकलं नव्हतं. तिने शपथ घेतली असती तर मला शंका राहिली असती. हे ऐकून शंका उरली नाही. मग माझ्याकडेही एक गोष्ट होती, जी मी कुणालाच सांगितली नव्हती. मी म्हणाले, "त्या वर्षी ती जागा मिळून मी आणखी खेळले असते तर पाय कायमचा गेला असता. डॉक्टरांनी नंतर सांगितलं मला."

तिने वळून माझ्याकडे पाहिलं. "अन् हे तू आता सांगून राहिली?"

"हो."

"चार वर्षांनंतर?"

"हो."

"लय हलकट आहेस वं तू," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी इतक्या हसायला लागलो की मॅडमनी लांबून शिट्टी मारली.

त्या संध्याकाळी मी तिला पहिला पास दिला तो सरळ तिच्या खांद्यावर आदळला. आमचं वय वाढलं होतं. ती पूर्वीपेक्षा अर्ध्या पावलाने उशिरा वळत होती, आणि मी चार वर्षांपूर्वीच्या मुलीला पास देत होते. तिसरा चुकला, चौथाही. "हळू, बापा," ती ओरडली, "मी काय तथी पोचली काय अजून?" अंधार पडेपर्यंत आम्ही तेवढंच केलं. मॅडमनी बाकीच्यांना दुसऱ्या रिंगवर नेलं आणि आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

शनिवारचा सामना अमरावतीला होता. बाक माझ्या ओळखीच्या माणसांनी भरलेले, आणि मी पाहुण्या संघाच्या कपड्यात. पहिल्यांदा मी बॉल घेऊन गेले, ती येऊन उभी राहिली, मी निसटले, आणि मला एक विचित्र गोष्ट दिसली. ती रिंगकडे वळली तेव्हा तिच्यामागे कुणी गेलंच नाही. दोघीजणी माझ्या अंगावर आल्या, एक कोपऱ्यातल्या नागपूरच्या मुलीकडे धावली, आणि ती रिंगखाली एकटी, हात वर. मी बॉल दिला. तिने नुसता ठेवला.

मला वाटलं, त्यांची चूक झाली. पण दुसऱ्यांदाही तसंच झालं. तिसऱ्यांदाही. त्यांच्या प्रशिक्षकाने वेळ मागून घेतला, तोवर आम्ही बरेच पुढे होतो.

सामना जिंकल्यावर हात मिळवायला आलेला त्यांचा प्रशिक्षक मला म्हणाला, "ताई, आमच्याकडेही एक आकडे काढणारा आहे. त्याने सांगितलं होतं, ही तिला बॉल देतच नाही, तिच्यामागे माणूस वाया घालवू नका." तो बिचारा रडकुंडीला आला होता. मी म्हणाले, "त्याचं खरं होतं. परवापर्यंत खरं होतं."

काका पलीकडच्या बाकावर वही मिटून बसले होते. मॅडम त्यांच्याकडे गेल्या. मला वाटलं आता शाबासकी देतील. पण त्या म्हणाल्या, "बघितलंत? मनं जुळली तर काय होतं ते." काका म्हणाले, "मॅडम, तुमच्या रोडग्यायनं नाई जुळली." यावरून दोघांचं तिथेच जुंपलं. मालकांना मध्ये पडावं लागलं. मला त्यात कुणाचीच बाजू घ्यावीशी वाटली नाही. कागदाने माझं लपणं बंद केलं हे खरं, पण कठड्यावर बसून जे बोललो ते कुठल्याच रकान्यात बसणारं नव्हतं.

मी तिला घरी घेऊन गेले. आईला आधी फोन केला नव्हता. वाटेत विचार करत होते, की हिला दारात बघून आईला काय वाटेल, काय सांगायचं. आईने दार उघडलं आणि म्हणाली, "ये वं. दवाखान्याचं काय झालं तुझ्या बाबांच्या?"

"बरे आहेत आता, काकू. काठी घेऊन शेतात जातेत."

मी दोघींकडे बघत राहिले. "तुला कसं माहीत, हिचे बाबा दवाखान्यात होते?"

"फोन असतो ना तिचा," आई कणीक मळायला आत जाता जाता म्हणाली. "महिन्या-पंधरा दिवसांनी."

"चार वर्षं?"

"हो मग. भांडण तुमचं होतं. माझं कशाला होतं?"

ती पाय पसरून खाली बसली होती आणि माझ्याकडे न बघता पाणी पीत होती. मला रागवावंसं वाटलं, पण राग आलाच नाही. उलट इतकी वर्षं कुणीतरी एक धागा धरून ठेवला होता, हे कळून मला रडू आलं, आणि ते लपवायला मी कांदा चिरायला घेतला.

सोमवारी मालकांचा फोन आला. दोन दिवस मी त्या फोनची वाट बघत होते. पिशवी भरून ठेवली होती. ते म्हणाले, "काकांशी बोललो मी. मॅडमशीबी बोललो. तुले काढत नाई. पण कॅप्टन तू राहणार नाई."

"बरोबर आहे," मी म्हणाले.

"कॅप्टन तिले करतो. चालते काय?"

"चालते."

"मनापासून सांग."

"मनापासून," मी म्हणाले, आणि ते खरं होतं. कॅप्टन होण्यात मला कधी मजा आली नव्हती. सामन्याआधी पंचांना भेट, मग त्यांच्याशीच वाद घाल, मालकांच्या खोलीत मत दे. ते सगळं तिच्यावर गेलं, आणि तिला ते आवडायचंही. माझ्याकडे फक्त बॉल आणणं उरलं.

पुढच्या संघांनी आमचा डाव ओळखला. तिच्यामागे दोन-दोन जणी लागायला लागल्या. मग नागपूरची मुलगी डाव्या कोपऱ्यात मोकळी राहायची, आणि आम्ही जिंकत राहिलो. काकांच्या कागदावर आता सगळ्या रकान्यांत जुड्या होत्या, आणि मॅडम सरावाआधी तो कागद स्वतः मागून घ्यायच्या, फक्त चष्मा विसरला असं म्हणून बाजूला नेऊन वाचायच्या, कुणाला दिसू नये म्हणून. रोडगे मात्र त्यांनी आणखी दोनदा करवले. दुसऱ्या वेळी काकाही आले, आणि गोवऱ्या किती लागतील याचा त्यांचा अंदाज साफ चुकला. अर्धे रोडगे कच्चे राहिले. मॅडम दिवसभर खूश होत्या.

उपांत्य सामना आम्ही यवतमाळला हरलो, एका बास्केटने. शेवटच्या क्षणी तिच्यावर दोघी होत्या, मी बॉल कोपऱ्यात दिला, आणि तिथून फेकलेला तो रिंगवर फिरून बाहेर पडला. पंचांची शिट्टी झाल्यावर मी सर्वांत आधी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडेच चालत येत होती.

"बरोबर देल्ला," ती म्हणाली. "मी मोकळी नोती."

परतीची बस दुपारी निघाली. ती खिडकीशी बसली, मी शेजारी. दारव्हा यायच्या आधीच मला झोप लागली, आणि अकोल्यापर्यंत मी एकदाही जागी झाले नाही. हरलेल्या सामन्यानंतर इतकी गाढ झोप मला तोवर कधीच लागली नव्हती.